एका प्रिंटरपायी

मंगळवार, परंडा

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या कॉलेजच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर इंटरनेटवर एकाच जुन्या पत्त्यानं बाहेर जायचे. एका पत्त्यावरून लई फॉर्म गेले की शिष्यवृत्तीची साइट सगळ्यांनाच अडवायची. म्हणून तर मी महिनाभर खपून लॅबमधल्या, ऑफिसमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नव्या पद्धतीचा वेगळा पत्ता दिला. उद्घाटनाला प्राचार्यांनी नारळ फोडला, राउटरला हार घातला, फोटो वरच्या ऑफिसला पाठवला. त्या फोटोत मीही हसत उभी!

आज फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि दुपारी साइटनं सगळ्या लॅबला अडवलं. बघते तर नवे पत्ते बंद! हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "शबाना मॅडम, नव्या पत्त्यांवर ऑफिसचा जुना प्रिंटर चालंना. मीच बंद करून घेतले सगळीकडं. फोटो तर गेलाय की."

एका प्रिंटरपायी? मला विचारायचं तरी! लॅबमधल्या एकेका कॉम्प्युटरवर परत चालू करेपर्यंत पाच वाजले, मुदत गेली. "मॅडम, माझं काय चुकलं?" रांगेतली पोरगी विचारत होती.

निघताना बोर्डावर ताजी नोटीस: फॉर्मची मुदत संपली. त्याच प्रिंटरवर काढलेली. एक अक्षर पुसट नाही.