आत्याबाई चावडीवर चढल्या

बोरवाडी, पो. अंथुर्णे, ता. इंदापूर
गुरुवार, १६ मे १९९६

प्रिय अहो,

सप्रेम जय भीम. सगळ्यात आधी एवढं वाचा आणि मग घोटभर पाणी प्या : आम्ही सगळे धडधाकट आहोत. मंगळवारी दुपारी पाट फुटला. आपल्या वस्तीच्या बरोबर डोक्यावर फुटला, आणि वस्तीतलं एक माणूस, एक लेकरू दगावलं नाही! कोंबड्या गेल्या, आपली मागची भिंत बसली, सारजाबाईचं धान्य भिजलं, पण माणूस एकही नाही. मी पीसीओवरून तुमच्या फायर स्टेशनला फोन लावला होता. ज्यांनी घेतला ते म्हणाले, आगीच्या वर्दीवर गेलेत. म्हटलं, बरोबर आहे, तिकडं नवरा वर्दीवर आणि इकडं बायको वर्दीवर. निरोप ठेवला, पण त्या गृहस्थांनी ‘पाट’ म्हणजे बसायचा पाट समजून घेतला की काय, देव जाणे. म्हणून हे पत्र. रतनभाऊ उद्या मुंबईला निघालेत, त्यांच्याच हातात देते, म्हणजे शनिवारी तुम्हाला मिळेल.

आता तुम्ही विचाराल, मग रविवारचं काय? तुमचं पत्र मिळालंय. क्वार्टर मिळाली, चुना मारून झाला, खिडकीला पडदा लागला, दुधवाल्याला सांगून ठेवलं, सगळं वाचलं. चार वर्षं वाट बघितली त्या खोलीची, मला काय आनंद झाला नसेल? तुमच्या आत्याबाईंनाही वाचून दाखवलं. रविवारी आम्ही दोघी येणार का, ते शेवटी सांगते. उडी मारून शेवटचं पान काढायचं नाही, माझी शपथ आहे. आधी सगळं ऐका, कारण ते ऐकल्याशिवाय शेवटचं कळणार नाही. आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, तीन दिवस झाले, झोपेतसुद्धा मी माईकवर बोलतेय म्हणे.

प्रगती मॅडमविषयी मी लिहिलं होतं, पुण्याच्या संस्थेच्या. जिथं संकट सगळ्यांच्या आधी येतं आणि मदत सगळ्यांच्या शेवटी, अशा वस्त्यांना त्यांची संस्था पैसे देते. किल्लारीच्या भूकंपापासून त्यांनी हे काम धरलंय. तेव्हा तुम्ही उलट लिहिलंत की असे लोक येतात, फोटो काढतात आणि जातात. या बाई गेल्या नाहीत हो. त्यांनी फक्त अट घातली : आधी तीन महिने काम करून दाखवा, मग पैसे. पाटाच्या भरावातला मुरूम कुणी उकरायचा नाही. भरावावरची बाभळ तोडायची नाही. उघड्या पडलेल्या जागी वाळा आणि करंज लावायचे. बायकांनी पाळीपाळीनं रोज भरावाच्या पायथ्यानं चक्कर मारायची, कुठं ओल दिसते का बघायला. आणि पाट फुटला तर कुणी कुठं पळायचं, याची सगळ्या वस्तीनं तालीम करायची. बाभळ तोडू नका म्हटल्यावर बायका माझ्यावरच उठल्या. चुलीत काय तुझं बारावीचं सर्टिफिकेट घालू का, असं सारजाबाईनं तोंडावर विचारलं. शेवटी मळेवाल्यांकडं गेले. म्हटलं, भराव फुटला तर तुमच्या टोमॅटोतूनही पाणी जाणारच आहे, तेव्हा तुरकाट्या द्या आमच्या चुलींना. दिल्या की! लीलाबाईंनी तर स्वतःची बैलगाडी भरून पाठवली.

खरी पंचाईत झाली ती तालमीत. आपली वस्ती खोलात, हे तुम्हाला काय सांगायचं. पाण्याच्या आधी पोचता येईल अशी उंच आणि पक्की जागा एकच, ती म्हणजे गावची चावडी. सरपंच लगेच हो म्हणाले, चावडी पंचायतीची आहे, सगळ्यांची आहे. मागं एकदा पाट फुटला तेव्हा पाणी चावडीच्या ज्या पायरीपर्यंत आलं होतं, तिथं मॅडमनी खडूनं रेघ मारली. मी आपल्या जयंतीच्या माईकवरून हाक दिली, आणि काय सांगू, पोरं, बाया, गडी, सगळे धडाधड चावडीवर! मला वाटलं जिंकलं. तेवढ्यात बघते तर आत्याबाई खाली थांबलेल्या. पायऱ्यांच्या खाली तो चपटा दगड आहे ना, तिथं. त्या थांबल्या म्हणून त्यांच्या मागच्या सगळ्या म्हाताऱ्याही थांबल्या. मॅडमना वाटलं दमल्या असतील. नियम म्हणजे नियम, त्यांनी जाहीर केलं की रेघेच्या खाली आहेत ते सगळे बुडाले. झालं! आत्याबाईंचा आवाज तुम्हाला माहीत आहे. “मी बुडाले व्हय? ए बाई, माझ्या चुलीवर अजून कालवण रटरटतंय, आन तू मला मारून मोकळी झालीस?” अख्खं गाव हसलं, मॅडमसुद्धा हसल्या. पण त्या काही वर चढल्या नाहीत.

दुसऱ्या तालमीला तेच. तिसऱ्या तालमीला तेच. मी चिडले. घरी आल्यावर विचारलं, आत्याबाई, चावडी कुणाच्या बापाची आहे का? तुम्ही छप्पन्न साली धम्म घेतला, जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं नाचता, तलाठ्याला भर रस्त्यात गप्प करता, मग चावडीच्या पायऱ्यांशी काय होतं तुम्हाला? त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, “आमचा बाप तितंच हुबा ऱ्हायचा.” म्हणजे तुमचे आजोबा, गावची वेस राखणारे भिमा येसकर. हातात काठी घेऊन, त्याच दगडावर, ऊन असो पाऊस असो, वरून कुणी हाक मारेपर्यंत. आत्याबाई लहान होत्या, बापाची भाकरी घेऊन जायच्या आणि तिथंच शेजारी उभ्या राहायच्या. “मी थांबत न्हाय गं पोरी. पायच थांबत्यात आपसूक.” तुम्हाला हे माहीत होतं का हो? मला तरी कधी बोलला नाहीत. मला रडूही आलं आणि असा संताप आला की त्या दगडाला जाऊन लाथ मारावी. पण करणार काय? आणि मॅडम तरी काय करणार? त्यांनी स्पष्ट सांगितलं, की ज्या वस्तीतली म्हातारी माणसं तालमीतच बुडतात, तिला पैसे द्या असं मी संस्थेला कुठल्या तोंडानं सांगू. मेअखेरची मुदत होती. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि मंगळवार उजाडला. पाळी सारजाबाईची होती. उन्हाळ्याचं आवर्तन सुटलेलं, पाट काठोकाठ भरून चाललेला. तिला पायथ्याला पाणी झिरपताना दिसलं. स्वच्छ पाणी झिरपतं ते नेहमीचंच, पण हे गढूळ होतं. गढूळ आलं म्हणजे आतली माती निघाली, हे आम्हाला शिकवलं होतं. सारजाबाई, जिला घरापासून विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं, ती पळत आली हो! पदर कुठं, चप्पल कुठं. लाईट गेलेलीच होती, पण माईक गंगारामभाऊंच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून ठेवलेला. त्यांनी एका पोराला सायकलवरून पाटकऱ्याकडं पिटाळलं, वरचं गेट बंद करायला. मी माईक हातात घेतला आणि मला आठवतं ते एवढंच की पहिला शब्द फुटेना. मग जो फुटला तो बहुतेक बारामतीपर्यंत ऐकू गेला असेल. तुमच्या गाड्या मुंबईत घंटा वाजवत जातात म्हणून फार ऐट करता ना? तुमची बायको ऐकायला पाहिजे होती तुम्ही!

मी शेवटच्या घरापर्यंत हाका देत मागून येत होते, त्यामुळं चावडीपाशी मी पोचले तेव्हा पाणी गल्लीत शिरलं होतं. आणि पायऱ्यांपाशी गर्दी कोंडलेली. का, तर सगळ्यांच्या पुढं आत्याबाई. दगडावर. थांबलेल्या! त्यांच्या मागं आपल्या म्हाताऱ्या, त्यांच्या मागं मळ्यातली माणसं, लीलाबाई कडेवर नात घेऊन, कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाची शेळी. पायऱ्या अरुंद, बाजूनं जायला वाट नाही. मी मागून ओरडतेय, पण माझा आवाज तर माईकवरच संपलेला. लीलाबाई म्हणाल्या, “केसरबाई, अगं चल की वर, पोरीच्या पायाला पानी लागतंय!” आत्याबाईंनी वळून बघितलं. सगळ्यांकडं बघितलं. मग लुगड्याचा सोगा वर खोचला आणि चढल्या. एक पायरी, दुसरी, खडूची रेघ ओलांडली आणि थेट वर. त्यांच्या मागून बाकीचे असे सुटले की विचारू नका. मी शेवटची चढले तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याला होतं. नंतर मी त्यांना विचारलं, कसं काय चढलात हो? तर माझ्यावरच खेकसल्या, “मग काय करू? मागं एवढी माणसं खोळंबली व्हती. आडवी किती येळ हुबी ऱ्हाणार मी?”

वर तात्याबा बसले होते, पाटलांच्या घरातले ते थोरले, आता नीट दिसत नाही त्यांना. त्यांनी विचारलं, कोण आलं? कुणीतरी सांगितलं, केसरबाई. ते थोडं सरकले, सतरंजीवर हात आपटला आणि म्हणाले, “भिमाची लेक न्हवं का तू? बस.” आत्याबाई म्हणाल्या, “बसलेच हाय.” तोवर त्या खरंच बसल्या होत्या, मांडी घालून! आणि पुढची गंमत ऐका. गेट बंद झालं, संध्याकाळपर्यंत पाणी ओसरलं, लोक घरं बघायला खाली गेले, पण या बाई उठायलाच तयार नाहीत. मी म्हटलं, चला, भिंत बसलीय, चूल शोधायचीय. तर म्हणाल्या, “थांब जरा. बघू दे हितनं काय काय दिसतंय.” चहा पण तिथंच मागवला. मी शेजारी बसले. तिथून आपली वस्ती पूर्ण दिसते, विहार, विहीर, आपलं घर, आणि वर पाटाच्या कडेनं आम्ही लावलेले करंज. जिथं वाळा लावून झाला होता तो भराव जागचा हलला नव्हता, फुटला तो पलीकडचा, उकरलेला. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, “भिमा येसकराला हे कदी दिसलं न्हाय.” आणि रडल्या. मीही रडले, कशाला लपवू?

काल मॅडम जीपनं आल्या. चिखलातून सगळी वस्ती फिरल्या, सारजाबाईला तर मिठीच मारली. पैसे मंजूर होणार, हे त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं. वस्तीत उंच जोत्याचा पक्का निवारा, नवा माईक, दोर, टॉर्च, आणि भरावासाठी रोपवाटिका. ती रोपवाटिका आपल्या बायका चालवणार, मजुरी घेऊन. शिवाय आसपासच्या पाटाखालच्या सगळ्या वस्त्यांत हेच काम उभं करायचं, त्यासाठी पगारी माणूस नेमायचा, दोन वर्षांसाठी. तो माणूस कोण, असं सरपंचांनी विचारलं, तर पहिलं बोट तात्याबांनी केलं, माझ्या आवाजाच्या दिशेनं. ही पोरगी, म्हणाले, हिचा आवाज मला आंधळ्याला चांगला वळखू येतो.

मी हो म्हणून सही केली. तुम्हाला न विचारता केली. तुम्ही रागवाल, रागवा, तुमचा हक्क आहे. पण आता जे सांगते ते मॅडमना नाही, आत्याबाईंनाही सांगितलेलं नाही. मंगळवारी सकाळी मी माझी पेटी भरली होती. अगदी खरं सांगते, यायचं ठरलंच होतं माझं. चांगल्या साड्या, आपला लग्नातला फोटो, तुमची सगळी पत्रं, खोलीसाठी विणलेला रुमाल, सगळं त्यात घालून कुलूप लावून आतापासूनच दारात ठेवली होती, एस.टी.त चढवायला सोपी पडावी म्हणून. मग सारजाबाई पळत आली आणि मी त्या पेटीला ठेच लागून, तिला ओलांडून माईककडं धावले. पेटी वाहून गेली. मला ती आठवली बुधवारी दुपारी, तेही कपडे बदलायला काही सापडेना म्हणून. तुमच्यावर माझा जीव आहे हो, तुमची एकेक ओळ मला पाठ आहे. पण त्या दिवशी मला पेटी आठवलीच नाही, आणि ते ध्यानात आलं तिथंच मला माझं उत्तर कळलं. आत्याबाईही म्हणतात, आता कुठं वर बसायला मिळालंय, मी न्हाय यायची. खोली सोडू नका, रजा काढून या, भांडा माझ्याशी, पण समोर बसून भांडा. आणि रविवारी भल्या पहाटे उठून दादरला एस.टी.ची वाट बघत उभे राहू नका. त्या गाडीत मी नाही.

तुमचीच,
रश्मी