काकवीत भिजलेल्या गोधड्या

शिरूर, मंगळवार
१८ नोव्हेंबर १९५८

प्रिय इसहाक,

आधी खाली बस. इंजिनाजवळ उभा राहून वाचू नको, कोळशात पडशील. तुझी आई शनिवारपासून माझ्याशी बोलती! नुसती बोलती न्हाई, "हन्ने" म्हणून हाक मारती. आजवर मी तिच्या लेखी "पाळकसाहेबांच्या छत्रीत बेडूक सोडणारी" व्हते. आता बेडूक मीच सोडला, त्यात खोटं काय न्हाई, पण एक बेडूक माणसाला जन्मभर पुरवायचा का?

तू दौंडला रेल्वेत लागलास तवा म्हणलास, "आईला सांगतो आपलं, हळूहळू." तुझं हळूहळू म्हंजी मालगाडी. इकडं तुझ्या आईनं, मी जिला मावशी म्हणती तिनं, तुझ्यासाठी दबोरा जवळजवळ पक्की केली व्हती. उपासना सुटल्यावर देवळातल्या समद्या बायांसमोर म्हणली, "हंगामाच्या सणाला दबोरा आन् हन्ना दोघी देवळाला गोधड्या देणार हायत. सून कशी पारखायची ते बघा. टाका सरळ तर बाई सरळ." झालं! माझे टाके मला ठाऊक. सुई हातात धरली की ती ओढ्याकडं निघती आन् उकिरड्यावर पोचती.

शनिवारी सकाळी दोन्ही गोधड्या शाळेच्या बाकांवर पसरल्या. दबोराची बघून माझंच मन तिच्यावर गेलं. वरनं कोरा मांजरपाट, कडंला लालभडक पट्टी, टाके तर रेघ मारून घातलेले. माझी म्हंजी आईची दोन विटकी लुगडी आन् आप्पाचे फाटके सदरे, आतबाहेर समदं जुनंच. अनसाबाई म्हणली, "अगं, ही शिवलीस का वरनं कोंबडी चालवलीस?" समद्या फिदीफिदी हसल्या. तुझी आई हसली न्हाई. नुसता हात फिरवला आन् दबोराच्या गोधडीकडं वळली. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. मला वाटलं, गेला इसहाक.

तवाच डोक्यात किडा वळवळला. आप्पाचा कोऱ्या मांजरपाटाचा सदरा आठवतो? पहिल्या धुण्यात असा आटला की बेंबी उघडी पडली! मग दबोराच्या गोधडीचं काय व्हईल? वरचं कापड कोरं, आत जुन्या चिंध्या. वरचं आटणार, आतलं न्हाई. माझ्यातलं तर समदंच शंभरदा धुतलेलं, आता आटायला राहिलंय काय? कोरा फक्त दोरा. पण सणाआधी नव्या गोधडीला पाणी कोण लावतंय? शेजारीच न्हावऱ्याच्या कोंडिबामामानं सणाला दिलेली काकवीची कळशी व्हती. तिला माझा पाय लागला. बरं, लावला! दोन्हीवर सारखी सांडंल असाच लावला. एकीवरच सांडली असती तर बायांनी मला तिथंच पुरली असती.

मग काय गोंधळ! काकवी बाकावरनं ठिपकतीय, मुंग्या निघाल्यात वऱ्हाडावानी, दबोरा रडायलीय. तुझी आई म्हणली, "रडायचं मागनं. उचला. चला नदीवर." स्वतः घोड नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहिली आन् दोघींना बडवायला लावलं. माझ्या हाताला फोड आले. भिजलेली गोधडी म्हंजी मेलेली म्हैस, पिळायला तिघी लागल्या. मग खडकावर पसरून राखत बसलो.

आन् जशा वाळायला लागल्या तशी मजा बघ! दबोराच्या लाल पट्टीचा रंग कच्चा निघाला, मांजरपाटावर गुलाबी ओघळ. वरचं कापड आटलं, आत चिंध्यांचे गोळे झाले, कडा पापडावानी वर वळल्या. ते आखीव टाके ताणून ताणून दोन ठिकाणी तटातट तुटले. माझ्या गोधडीचा दोरा आटला आन् त्यानं समदीकडनं सारखंच कापड चिमटून धरलं. अंगभर बारीक सुरकुत्या, भुईमुगाच्या टरफलावानी! टाके त्या सुरकुत्यांत पार बुडाले. वाकडा कुठला आन् सरळ कुठला, शोधून दाखव. सकाळी नुसत्या चिंध्या दिसत व्हत्या, दुपारी वाटलं एकाच ठाणातनं कापड काढलंय. मी तर गालच टेकवला तिच्यावर.

मावशीनं गोधडी उलटी केली, सुलटी केली. "मऊ हाय," एवढंच म्हणली. मग माझ्याकडं न बघता, "कळशीला लाथ घातलीस तवा हे ठाऊक व्हतं?" मी म्हणले, "अर्धं ठाऊक व्हतं, मावशी." "आन् राहिलेलं अर्धं?" "ते देवावर टाकलं." इसहाक, तुझी आई हसली! पार दाढा दिसल्या! वर हुकूम सोडला, दबोराची उसवायची आन् दोघींनी मिळून परत शिवायची. काल दिवसभर बसलो. दबोरा म्हणती, "पुढच्या बारीला लाथ घालायची असंल तर आधी सांग गं, मी लाल पट्टी लावणार न्हाई." पोरगी चांगली हाय रं. मला उगंच तिचा राग यायचा.

दबोरा घरी गेल्यावर मी जीव मुठीत धरून इचारलं, "मावशी, मग माझं काय?" ती म्हणली, "गोधडी पाण्यात घातली, कळली. माझं पोरगं अजून कोरंच हाय. त्याला तू पाहिजेस हे मला अख्ख्या गावानं सांगितलं, फक्त त्यानं न्हाई. आईपुढं ज्याचं तोंड उघडत न्हाई, तो उद्या बायकोच्या बाजूनं काय बोलंल? रविवारी सणाला येऊ दे. माझ्यासमोर उभं राहून सांगितलं तर नाताळात सोयरीक. न्हाईतर दबोराच्या बापाला मी होकार देती." म्हणून हे पत्र. शनिवारच्या एस्टीनं ये. काय बोलायचं ते मी लिवून देणार न्हाई. दाराआड उभी असंन, पण तू अडखळलास तरी खोकणारसुदीक न्हाई. माझ्या वाटणीचं बडवून झालं, आता तुझी पाळी.

बोललास तर तुझीच,
हन्ना