गळ्याचं माप

३ मार्च
ऑपरेशन नाही! आधी गोळ्या! सर्जन म्हणाले, "थायरॉईडची गाठ श्वासनळीला घट्ट चिकटलीय. आत्ता कापली तर आवाज जाईल. तपासणीत गाठीतला नेमका दोष सापडलाय, त्याच्यावरच काम करणारी गोळी आहे. गाठ आकसू दे, मग काढू."
आवाज गेला तर ह्यांच्याशी भांडू कशी? खुणा करून?
आम्ही दोघं शिंपी. हे म्हणाले, "दर आठवड्याला तुझ्या गळ्याचं माप मी घेणार." आज साडेपंधरा इंच.

१२ मार्च
गोळीने गुंगी येते. दुपारी दुकानातच कापडाच्या ढिगावर पडले. मशीन कुठेतरी लांब, पलीकडच्या काठावर चालू होती. शर्ट हँगरवरून उतरून हळूहळू पोहत होते, बाह्या पसरून. भीती अजिबात वाटली नाही. हे टेप घेऊन वाकले — "सव्वापंधरा!" झोपेतच हसले बहुतेक. रात्री पोटभर जेवले.

३० मार्च
पंधरा!

२१ एप्रिल
पावणेपंधरा म्हणे. लेक फोनवर किंचाळलीच.

२२ एप्रिल
हे दोरे आणायला गेले होते. आरशासमोर मीच माप घेतलं. कॉलर काचू नये म्हणून टेपच्या आत एक बोट ठेवतो आम्ही, तसं ठेवून. साडेपंधरा! बोट काढून टेप आवळली — पावणेपंधरा.
आल्या आल्या झापलं. "गिऱ्हाइकाला कधी पाव इंचाने फसवलं नाहीत, आणि बायकोला?"
खाली मान घालून म्हणाले, "अगं, आकडा उतरला की तू दोन घास जास्त खायचीस."
रडू फुटलं. राग मात्र गेला नाही. गोळी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

५ मे
स्कॅन. ह्यांच्याशी अबोला, मध्ये एक खुर्ची सोडून बसले. सर्जन म्हणाले, "बाहेरून फारसा फरक दिसत नाही. पण आत गाठ श्वासनळीपासून सुटलीय! आता काढता येईल. आवाजाच्या नसेचं मात्र उघडल्यावरच कळेल."
"अहो, ऐकलंत?" हे सरकून मधल्या खुर्चीवर येऊन बसले.

१७ मे
उद्या ऑपरेशन. आज दिवसभर बडबडले. ह्यांच्याशी, इस्त्रीशी, भिंतीशीसुद्धा. न जाणो!

१९ मे
काल डोळे उघडले तर सगळं पांढरं, मऊ, तरंगणारं. नर्स म्हणाली, "इतक्यात बोलू नका हं."
"का?" मी विचारलं.
आणि मला ऐकू आलं!