जिन्यावरची खुर्ची

लकडगंज, १२ मार्च १९७४

इंदू, तुले जयभीम.

हे पत्र पेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहून राहिली.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं, तू सासरी गेली. मले आनंद व्हाले पाहिजे होता वं. पण मी जळून राहिली.

तू पडली अन् दुसऱ्याच दिवशी बाबानं जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवली, तुले दम घ्याले. वीस वर्षं झाले, पोलिओचा पाय ओढत मी तोच जिना चढून राहिली. माझ्यासाठी काहून नाही ठेवली? "वत्सलेले सवय आहे," म्हणे.

दुपारी तू झोपली, की मी चोरून त्या खुर्चीवर बसत होती.

आज बाबानं विचारलं, "आता कोणाले लागते ही?"

मी म्हटलं, "कोणालेच नाही," अन् उचलू लागली.

तुझी ताई,
वत्सला