फोटो काढणारा उंच मुलगा

६ मार्च

लॅबच्या दाराने आज माझं कार्ड घेतलं नाही. म्हणजे संपलंच! पीएचडीची परीक्षा दुसऱ्यांदा नापास — तिसरी संधी नसते. मे संपला की अमेरिकेतून निघायचं. घरी माहीत नाही. आणि परवा रविवार. दर रविवारी बाबांना माझा लॅबमधला फोटो लागतो.

७ मार्च

एआयकडून करून घेतला! माझे चार जुने फोटो दिले आणि लिहिलं: पांढरा कोट, मायक्रोस्कोप, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. सगळं छान, पण उजव्या हाताला सहा बोटं. मग लिहिलं — कॅमेरा जरा वरून, हात टेबलाआड. जमलं.

हे शब्द बाबांचेच. कराडला त्यांचा फोटो स्टुडिओ, मी तिथल्या स्टुलावर वाढले. त्यांचीच विद्या त्यांनाच फसवायला वापरतेय. लाज वाटते.

८ मार्च

पाठवला. आईने लगेच सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

१६ मार्च

काल दुसरा फोटो. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "दर वेळी काढतं कोण गं?" मी उगाच पाण्याची बाटली शोधायला लागले. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ धरला. "काढणारा हिच्यापेक्षा वीतभर उंच आहे. कॅमेरा बघ ना कुठून येतोय."

आईचा चेहरा असा उजळला! "मुलगा आहे?"

नाही म्हणायला हवं होतं. मी हसले. भित्री कुठली!

२१ मार्च

नैनाला सांगितलं. रूममेट माझी, इथेच जन्मलेली. "सांगून टाक ना यार, व्हॉट्स द वर्स्ट?" तिला काय कळणार. नापास झाले हे एक वेळ सांगेन. पण फोटो खोटे होते, हे बाबांना कसं सांगू? तीस वर्षांत कुठल्या नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा त्यांनी पुसला नाही. "आहे तो चेहरा देणार, नको असेल तर दुसरीकडे जा," म्हणून गिऱ्हाइकांशी भांडले.

२३ मार्च

उंच मुलाला घालवायचं म्हणून काल लिहिलं — कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवरून. फोटो गेला आणि आईचा व्हिडिओ कॉल: "आज गुडघे टेकून काढला का गं त्याने?"

मेले! आत्याला सांगूनही झालंय. तो मांसमच्छी खातो का, असं आत्याने विचारलंय म्हणे. बाबा मागे बसले होते. फोटो मोठा करून बघत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

४ एप्रिल

बाबा येतायत!! व्हिसा होताच — माझ्या मास्टर्सच्या पदवीदानाला आले होते, तेव्हाचा. आई म्हणाली, "मीच म्हटलं ह्यांना, त्याला बघून तरी या."

आयसेलिनच्या भारतीय दुकानात पोहे आणायला गेले, तर तिथल्या प्रत्येक उंच मुलाकडे बघत उभी! विचारू का एखाद्याला, चार दिवस फोटोग्राफर होतोस का? वेड लागायची पाळी आलीये.

११ एप्रिल

उद्या दुपारी दोनला बाबांचं विमान नेवार्कला. वाक्य पाठ करतेय: बाबा, मी — पुढचं येतच नाही.

१२ एप्रिल

बाबा आले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पहिल्याच फोटोत कळलं मला. तुझ्या एका डोळ्यात खिडकीचा उजेड होता, दुसऱ्यात नव्हता. म्हणजे लॅब सुटली, हेही कळलं. आईने विचारलं, तू बाटली शोधायला लागलीस. मग तो उंच मुलगा मीच उभा केला."

परतीचं तिकीट दाखवलं. मे महिन्याचं आहे, सत्र संपल्यावरचं. दोघांचं — त्यांचं नि माझं.