बदलीच्या रांगेतली चप्पल

शुक्रवार, खडकी

तीन दिवस वही टाळली. लिहिलं की खरं होईल, म्हणून.

नलू आज सकाळी नोकरीच्या बदलीवर मोंबासाला गेली, माझ्याशिवाय. इंग्रजांचं साम्राज्य मोडून समाजवादी महासंघ झाला तेव्हा शाळेत पेढे वाटले होते. आता मोंबासा आणि पुणे एकाच देशात! बदलीच्या कचेरीत जोडप्याने मिळून सही केली की दोघांना एकत्र पाठवतात. मंगळवार शेवटचा दिवस होता. माझी जागा धरायला नलूने रांगेत स्वतःची एक चप्पल ठेवली आणि दुपारभर एका पायाने अनवाणी उभी राहिली. मी मात्र स्टेशनवर झांझिबारहून आलेल्यांचे ढोल ऐकत बसलो. का बसलो?

पोचलो तेव्हा कारकून कुलूप लावत होता. म्हणाला, "कॉम्रेड, महासंघ अर्ध्या जगाचा आहे. खिडकी पाचपर्यंतचीच."

नलू रागावलीसुद्धा नाही. चप्पल उचलली, झटकली, पायात घातली. "तुझी वाट बघायची सवय मोडते आता," एवढंच म्हणाली. ती चप्पल झटकणं डोळ्यांपुढून हलत नाही.

दार वाजलं म्हणून उठलो, तर नलूचे वडील! मला कधी दारातही उभं न करणारे. म्हणतायत, "घरी बसवेना रे. तुझ्याकडे बसू का जरा?"