हत्तीचे पुढचे पाय

प्रिय हिरामावशी,

तुम्ही गेल्याला सात महिने झाले. उद्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे आणि आपला हत्ती पहिल्यांदाच तुमच्याशिवाय रंगमंचावर जाणार आहे. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, म्हणून लिहायला बसले.

आठवतं? गाण्यांच्या नाटकासाठी बांबूचा सांगाडा केला होता, त्यावर गोणपाट. पुढच्या पायांत खेळाचे सर, मागच्या पायांत मी, नाटक बसवणारी. दुसऱ्याच तालमीत पट्ट्यांनी सरांचे खांदे सोलले. तुम्ही शाळेचा हॉल झाडत होतात; झाडू बाजूला ठेवून म्हणालात, "बाई, वजन खांद्याव कशाला? डोक्याव घ्या ना!"

मी काय म्हणाले? "मावशी, हे मिठागर नाही." किती तुसडेपणा!

तुम्ही चिडला नाहीत. जुन्या लुगड्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवलीत, सांगाडा त्यावर पेललात आणि लहानपणी उरणला मिठाच्या पाट्या वाहताना टाकायचात तशी छोटी, ठेक्यातली पावलं टाकलीत. हत्ती चालला! त्या दिवसापासून सरांच्या जागी पुढचे पाय तुमचे झाले. कॉलेजात मी चार नाटकं केली होती, पण रंगमंचावर चालावं कसं, ते तुमच्या टाचा बघून शिकले.

प्रयोगात ऐन मध्यावर गाणं बंद पडलं. आत घामाच्या धारा. मी कुजबुजले, "मावशी, जरा टेकू या का?"

"बसाचा नाय, बाई! बसलं का उठवत नाय. तुमी शेपूट हलवा!"

एरवी शाळेत मला असं कोण दटावणार? मी मुकाट्याने शेपूट हलवलं. मुलं हसून लोळली.

मग शेवटच्या टाळ्या. माझं नाव पुकारलं, मी मागून बाहेर पडले आणि नमस्कार केला. तुम्ही आतच! हत्ती कोसळू नये म्हणून सगळं वजन एकटीने पेलत. पुढेही दरवर्षी तसंच. मावशी, एकदा तरी मला खडसावायचं होतंत ना! आणि मला आपणहून का सुचू नये?

उद्या पुढे तुमची लेक वैशाली आहे. चुंबळ कशी वळायची ते सांगायला गेले, तर म्हणाली, "बाई, ऱ्हावद्या, आमाला येतंय." तुमचीच!

शब्द देते. उद्या टाळ्या सुरू झाल्या की सांगाडा मी धरीन. वैशाली बाहेर जाईल आणि आधी तुमचं, मग तिचं नाव पुकारलं जाईल. मला कितीही हाका मारल्या तरी मी आतून हलणार नाही.

तुमच्या मागून चालणारी,
जोशीबाई